अर्जातल्या कोंबड्या

आमच्या घरात आजवर एकही कोंबडी आलेली नाही. जिवंत नाही आणि ताटातही नाही. आम्ही जैन. माझी आई अजून कांदा-लसूण खात नाही, दिवस मावळायच्या आत जेवते आणि गाळल्याशिवाय पाणी पीत नाही. अशा घरातल्या मुलीने एका मोठ्या संस्थेला दिलेल्या अर्जात असं लिहिलं होतं, की तिची आई पहाटे उठून कोंबड्यांना दाणे टाकायची, अंडी विकायची आणि त्यावर मुलीची शाळा चालायची. इंग्रजीत लिहिलं होतं आणि फार चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं. खाली माझ्या मुलीचं नाव होतं. अर्ज मी भरला होता.

हे वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं. मीही लिहिलेलं नव्हतं. ते आत कसं गेलं हे सांगायचं तर क्रमाने सांगावं लागेल, कारण मधला एक भाग मी आधी गाळूनच सांगितला होता.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं झाली. ओतलेला नग मशीनवरून उतरला की माझ्या टेबलावर येतो. ड्रॉइंगवर जेवढी मापं असतील तेवढी मी व्हर्नियरने घेतो. सगळी बसली तर हिरवा ठिपका, एक जरी सुटलं तर लाल. आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने नग केला त्याने तो तपासायचा नाही. कारागीर कितीही जुना आणि कितीही भरवशाचा असो, त्याच्या मालावर सही दुसऱ्याची. हा नियम मोडणाऱ्या दोघांची मी वर तक्रार केलेली आहे, आणि त्यातला एक माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

घरीही तीच सवय. गॅसची टाकी किती दिवस पुरली, नळाला पाणी किती मिनिटं आलं, सगळं कॅलेंडरवर. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं चाललं असतं तर लग्नात अक्षता मोजून घेतल्या असत्या."

मुलीने ही सवय माझ्याकडून उचलली. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती गगनबावड्याकडच्या वाड्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागली. तिकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. आणि त्याच वाड्यांवर एप्रिलमध्ये बायका झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने घागर भरतात. एवढं पाणी पडून जातं कुठे, हा तिचा प्रश्न. तिने तेवीस झरे धरले. दहा लिटरची बादली झऱ्याखाली लावायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. सुरुवातीला ती एकदाच मोजायची. मी म्हटलं, एकदा मोजलेलं मी धरत नाही, तीनदा मोज आणि सरासरी काढ. तिने तसं केलं. दोन उन्हाळे, तेवीस झरे, दर आठवड्याला तीन-तीन मापं. तिच्या वह्या बघताना मला जे वाटायचं ते मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

त्या संस्थेचं काम डिसेंबरात संपणार होतं. पुढे ह्याच झऱ्यांवर काम करायचं तर एकच वाट होती, त्या मोठ्या संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप. ती मिळाली तर झरे हातात राहणार, नाही तर दुसरी नोकरी शोधायची आणि मोजणी अर्धी सोडायची. उन्हाळ्याची मापं एक वर्ष चुकली की ती परत घेता येत नाहीत. तो उन्हाळा गेलेला असतो.

अर्जाची शेवटची तारीख ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. मुलगी तेव्हा वर एका वाडीत अडकली होती. रस्त्यावर दरड आलेली, वीज नाही, फोनला रेंज फक्त देवळामागच्या एका कातळावर. त्या कातळावरून तिने मला हाताने लिहिलेल्या चार इंग्रजी पानांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "पप्पा, टाइप करून जोडा. जसंच्या तसं."

मी अर्धी रजा टाकली. कपाटातून तिची प्रमाणपत्रं काढली आणि शाहूपुरीत एका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात गेलो, कारण सगळं स्कॅन करायचं होतं. तिथे ही गर्दी. केंद्र चालवणारी बाई पस्तिशीची, बोलायला फटकळ, पण हात वाऱ्यासारखा चालणारा. मी दोन बोटांनी टाइप करतोय हे बघून तिला राहवेना. "सरा काका, तुमच्यानं आज न्हाय व्हायचं," म्हणून तिने चारही पानं पंधरा मिनिटांत टाइप करून दिली.

मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, "पोरीनं लिवलंय व्हय हे?"

"हो."

"चांगलंय की. पण ह्यात रडू कुठं हाय?"

"रडू?"

"आवो, सगळ्यांच्यात असतंय. सकाळधरनं नऊ अर्ज गेलं इथनं. कुणाचा बा वारलाय, कुणाचं घर पुरात गेलंय. तुमच्यात नुसत्या बादल्या आन् सेकंद!"

मागे रांगेत बसलेली दोन-तीन जणं हसली. मला ते लागलं. बादल्या आणि सेकंद हे माझंच शिकवणं होतं.

"फोनवर एआय हाय न्हवं तुमच्या?" ती म्हणाली. "त्याला सांगा काय पायजे ते. म्या न्हाय सांगणार, तुमच्या घरचं तुमास्नी म्हाईत."

फोनवर ते होतं. ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिताना मी ते वापरायचो. मी मजकूर त्यात टाकला आणि वर मराठीत लिहिलं. काय लिहिलं ते अजून फोनमध्ये आहे, म्हणून शब्दशः देतो. "हे लिखाण जास्त वजनदार कर. मुलगी ग्रामीण भागातली, साध्या घरातली आहे, कष्टाने शिकली आहे. वाचणाऱ्याच्या मनाला भिडलं पाहिजे. आकडे बदलू नकोस."

मुलगी राजारामपुरीत, ऐन शहरात वाढली. शाळेत रिक्षाने गेली. पण आमचं मूळ गाव शिरोळ तालुक्यात आहे, तेव्हा ग्रामीण म्हणणं अगदीच खोटं नव्हे, असं मी त्या क्षणी मनात ठरवून टाकलं.

अर्ध्या मिनिटात नवा मजकूर आला. मी त्याची छापील प्रत काढून घेतली, मुलीच्या पानांशेजारी ठेवली आणि पेन्सिल काढली. मूळ पानांत एकतीस आकडे होते. झरे तेवीस, बादली दहा लिटरची, मापं तीन, असे मोजून एकतीस. नव्या मजकुरातही एकतीस. एकेकावर टिंब देत गेलो. एकही हललेला नव्हता. यंत्राने माझं ऐकलं होतं.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. अर्ज लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली आहे का? घेतली असल्यास कुठे आणि किती, ते लिहा.

"न्हाय दाबा काका. समदी तेच दाबत्यात."

मी "नाही" दाबलं. म्हटलं, काम तिचं, आकडे तिचे, भाषा तेवढी घासूनपुसून घेतली. चार बावन्नला अर्ज गेला. मुलीला कळवलं, "पाठवला. एकतीसच्या एकतीस आकडे बरोबर." दोन तासांनी कातळावरून हात जोडल्याचं चित्र आलं.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. पुढच्या शनिवारी मुलगी खाली आली, मुलाखत बुधवारी होती. माझी आई जेवायला बसली होती, साडेपाचचा सुमार. बायको भाकरी थापत होती.

"पप्पा, पाठवलेली प्रत द्या. एकदा वाचून ठेवते."

मी पेन्सिलच्या टिंबांसकट प्रत आणून दिली. खरं सांगायचं तर जरा दिमाखातच दिली.

आई म्हणाली, "मोठ्यानं वाच की गं. मलाबी कळू दे काय लिवलंयस."

मुलगी कट्ट्याला टेकून एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. पहिली दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्याला थांबली. परत मागे गेली, परत वाचलं.

"पप्पा, हे काय आहे?"

"काय?"

"आई कोंबड्या पाळायची?"

माझ्या आईचा हात घासासकट थांबला. "काय पाळायची?"

"कोंबड्या, आज्जी."

"कुणाची आई?"

"माझी."

आईने मान वर करून सुनेकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग म्हणाली, "आगं, कवा?"

"अहो आई, मी कशाला कोंबड्या पाळू!" बायको पीठभरल्या हाताने वळली. "काय लिहिलंय ते नीट सांग गं."

मुलीने सांगितलं. ती सांगत गेली तसा तिचा आवाज खाली खाली गेला. आई पहाटे उठून कोंबड्यांना दाणे टाकायची. बाप भट्टीपुढे रोजंदारीवर राबायचा, त्याच्या हातावरचे चटके बघत ती मोठी झाली. पाण्यासाठी ती लहानपणी डोक्यावर घागर घेऊन चालायची.

"घागर?" बायको म्हणाली. "हिला पाण्याची बाटली भरून घे म्हटलं तरी चार हाका माराव्या लागायच्या."

कुणी हसलं नाही. आईने ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच होती. "अंडी इकून शिकलीस व्हय गं तू?" असं तिने नातीला विचारलं, रागाने नाही, कळावं म्हणून विचारलं, आणि हात धुवायला उठली. ताटात अन्न टाकून उठलेलं मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "मी तपासलं होतं. एकतीसच्या एकतीस आकडे..."

"पप्पा, आकड्यांचं कोण विचारतंय?"

बायकोने हात पुसले. "तू माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस?"

मुलीने फोनमधला मूळ पानाचा फोटो काढला. "माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मोजायला तिने शिकवलं, तपासायला वडिलांनी."

हे वाक्य पाठवलेल्या प्रतीत नव्हतं. मी प्रत उलटसुलट करून पाहिली. नव्हतंच. त्या वाक्यात आकडा नसल्यामुळे ते गेलेलं माझ्या पेन्सिलला कळलं नव्हतं. बायको त्या फोटोकडे बघत उभी राहिली. बावीस वर्षं ती पोरांना शंभरपर्यंत मोजायला शिकवते आहे. मी ते पुसून तिथे कोंबड्या ठेवल्या होत्या.

मुलीने मग शेवटचं पान उघडलं आणि तो प्रश्न तिला दिसला. "इथे तुम्ही 'नाही' दाबलंय."

"सगळे तेच दाबतात म्हणे."

"माझ्या नावाने दाबलंय, पप्पा."

त्या संध्याकाळी आमच्यात जे बोलणं झालं त्यात सगळ्यात उलटं बोलली ती बायको. सगळ्यात जास्त अपमान तिचा झाला होता आणि गप्प राहा असं तीच म्हणत होती. "मुलाखतीत कोण कोंबड्या विचारणार आहे? झऱ्यांचं विचारतील, तू सांगशील. माझी काय नाचक्की व्हायची ती होऊ दे."

मुलगी म्हणाली, "आई, त्यांनी मला बोलावलंय ते झऱ्यांसाठी की कोंबड्यांसाठी, हे मला कसं कळणार? दोन वर्षं तिथे बसून मी हेच विचार करत राहणार."

आई आतून म्हणाली, "ते कागद परत मागवता येत्यात का बघा की."

रविवारी सकाळी मुलीने पत्र लिहायला घेतलं. फेलोशिप देणाऱ्या संस्थेला सगळं कळवायचं, मूळ पानांचे फोटो जोडायचे. हॉलमध्ये ती लॅपटॉपवर लिहीत होती, बायको इस्त्री करत होती, मी पेपर धरून बसलो होतो. पत्र झाल्यावर तिने मला बोलावलं. "आता तुम्ही तपासा. शब्दसुद्धा."

पत्र साधं होतं. मी अडकले होते, माझ्या वडिलांनी मजकूर एआयला सुधारायला दिला, त्याने खोटी वाक्यं घातली, ती अशी अशी आहेत, आणि मदत घेतली नाही असं जे कळवलं ते चूक आहे. मधे एक वाक्य होतं. "ही वाक्यं वडिलांच्या लक्षात आली नाहीत."

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

आता तो गाळलेला भाग.

शाहूपुरीत आकडे तपासून झाल्यावर माझ्याकडे वेळ उरला होता. भिंतीवरच्या घड्याळात चार शेहेचाळीस झाले होते. मी पहिला परिच्छेद वाचला. माझं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं आहे, पण कोंबडीला काय म्हणतात ते मला येतं. पेन्सिल तिथे थांबली. मी त्या बाईला म्हटलं, "हे कोंबड्यांचं आमच्याकडे नाही हो."

ती म्हणाली, "काका, ते आसंच लिवतंय. वाचणाऱ्याला बरं वाटतंय. कोण तुमच्या दारात अंडी मोजाय येणाराय?"

ते वाक्य काढायला एक मिनिट लागलं असतं. माझ्याकडे चौदा मिनिटं होती. मी ते ठेवलं. वेळ नव्हता म्हणून नव्हे, बाई म्हणाली म्हणूनही नव्हे. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता म्हणून ठेवलं. पहाटेच्या अंधारात दाणे टाकणारी ती बाई मला दिसली होती. जी बाई कधी नव्हतीच तिच्यासाठी मला वाईट वाटलं, आणि मी हिशोब केला, की मला एवढं होतंय तर निवड करणाऱ्यांना किती होईल. त्यानंतर मी आकड्यांवरची टिंबं परत एकदा मोजली. एकतीस. आणि त्या एकतिसांच्या आड जाऊन बसलो. शनिवारी स्वयंपाकघरात मुलगी तिसऱ्या वाक्याला थांबली तेव्हा ती कशाला थांबली हे मला विचारावं लागलं नव्हतं. तरी मी "काय?" असं विचारलं होतं.

आता रविवारी तेच परत व्हायला आलं होतं. अर्ध्या मिनिटात खोटं लिहून देणारं यंत्र इथे नव्हतं. मुलीने स्वतःच्या हाताने, माझ्यावर विश्वास ठेवून ते वाक्य लिहिलं होतं, आणि मी फक्त "बरोबर" म्हणायचं होतं.

"ते वाक्य चूक आहे," मी म्हणालो. "मला दिसलं होतं."

इस्त्री थांबली.

"काय दिसलं होतं?" मुलीने विचारलं.

"कोंबड्यांचं. दिसलं होतं आणि मी राहू दिलं."

तिच्या लहानपणापासून तिला माझा राग माहीत होता, मोजणं माहीत होतं, हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फौंड्रीत मी लोकांना हाताखालून माल सोडताना पकडलं आहे. आता माझा पडला असेल तसेच त्यांचे चेहरे कोरे पडायचे. तेव्हा मला वाटायचं की ही माणसं वेगळी असतात.

बायको म्हणाली, "म्हणजे मी कोंबड्या पाळते हे तुम्हाला त्या गुरुवारपासूनच माहीत होतं."

मुलीने ते वाक्य खोडलं. "मग काय लिहू?"

"लिही, वडिलांना खोटं वाक्य दिसलं होतं, त्यांनी ते तसंच पाठवलं."

तिने लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. मी "बरोबर" म्हणालो. मग ती एवढंच बोलली, "तुम्ही मला एका बादलीसाठी तीनदा मोजायला लावायचात, पप्पा." पत्र गेलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. कळवल्याबद्दल आभार मानले होते. खोट्या माहितीमुळे ह्या वर्षीचा अर्ज रद्द होत आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला आडकाठी नाही, असं लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. भाषा सुधारण्यासाठी एआयची मदत घेणं आमच्याकडे चालतं, ती कुठे घेतली ते सांगायला हवं, म्हणूनच अर्जात तो प्रश्न ठेवलेला आहे.

मला आधी ते कळलंच नाही. मी चारदा वाचलं. मदत घेणं चालत होतं! "होय" दाबून, इंग्रजी तपासून घेतलं अशी एक ओळ लिहिली असती तर तिची बादल्या-सेकंदांची चार पानं सरळ पुढे गेली असती. आणि ती पुढे जाण्याजोगी होती का नव्हती, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. ते कळण्याची वाटही मी मोडून ठेवली होती.

डिसेंबरात तिचं काम संपलं. ती इथल्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. रविवारी पहाटेच्या एसटीने गगनबावड्याला जायची आणि बादली घेऊन जेवढं होईल तेवढं करायची. एका दिवसात आठ झरे व्हायचे. तिच्या वहीत त्या उन्हाळ्यात आठ झऱ्यांपुढे आकडे आहेत आणि पंधरा झऱ्यांपुढे रकाने कोरे आहेत. कोऱ्या रकान्याची सरासरी निघत नाही. बायको मात्र पाहुण्यांसमोर चहा देता देता म्हणते, "अंडी आज संपलीत हो, कोंबड्या बसल्यात," आणि पाहुणे चक्रावून आमच्याकडे बघतात. मी खाली बघतो.

ह्या वर्षी अर्जाची वेळ आली तेव्हा मुलगी घरातच होती. तिने चार पानं पुन्हा हाताने लिहिली, टाइप केली, आणि माझ्यासमोर लॅपटॉपवर एआय उघडलं. माझा हात आपोआप पुढे गेला, तिला थांबवायला.

"थांबा पप्पा, बघा तरी," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं, "हे वाचून मला प्रश्न विचार. काहीही लिहून देऊ नकोस. एखाद्या परीक्षकासारखे अवघड प्रश्न विचार."

त्याने सहा प्रश्न विचारले. बादली दर वेळी तीच होती का? तीन मापांत फरक पडला तर काय केलं? आणि चौथा प्रश्न असा होता, की तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा झऱ्यांची मापं का नाहीत?

मी खुर्चीत मागे झालो. ज्याने कोंबड्या घातल्या त्यानेच बोट नेमकं त्या कोऱ्या रकान्यांवर ठेवलं होतं. यंत्र तेच, फोनऐवजी लॅपटॉपवर. वर्षापूर्वी मी त्याच्याकडे रडू मागितलं होतं, त्याने रडू दिलं. हिने प्रश्न मागितले.

उत्तरं तिने स्वतः लिहिली, तिच्या त्या सरळ, थोड्या अडखळत्या इंग्रजीत. चौथ्याचं लिहायला तिला तास लागला. शेवटच्या पानावर "होय" दाबून तिने काय विचारलं, त्याने कोणते सहा प्रश्न दिले, तेही लिहिलं. मग कागद माझ्यापुढे ठेवून विचारलं, "हे ठेवू?"

चौथ्या उत्तरात लिहिलं होतं, "मागच्या वर्षी माझ्या अर्जात खोटी वाक्यं होती. त्यातलं एक अर्ज पाठवण्याआधीच माझ्या वडिलांना दिसलं होतं. ते आम्ही कळवल्यावर अर्ज रद्द झाला, माझ्याकडे पूर्णवेळ काम राहिलं नाही आणि ह्या पंधरा झऱ्यांची त्या उन्हाळ्याची मापं राहून गेली."

ती म्हणाली, "नको असेल तर नुसतं 'काम नव्हतं' असं लिहिते. तेही खोटं नाही."

आतून आईने विचारलं, "कोंबड्या काढल्यास न्हवं गं?"

"काढल्या, आज्जी."

मी पेन्सिल घेतली. आकड्यांवर टिंबं दिली, ह्या वेळी अडतीस होते. मग त्या तीन वाक्यांपाशी आलो. पहिल्यावर टिंब दिलं, दुसऱ्यावर दिलं, तिसऱ्यावर दिलं. आणि कागद बायकोकडे सरकवला. तो मी एकट्याने तपासून भागणार नव्हतं. तिने चष्मा लावला, पहिल्या पानावर स्वतःबद्दलचं वाक्य आहे का ते आधी पाहिलं, आणि मग सुरुवातीपासून वाचायला लागली.